परवान्याचा शब्द

अण्णांच्या कानामागच्या स्मृतियंत्रातली जुनी प्रणाली शैलानं सकाळी घरीच पुसून टाकली होती. जुन्या लोणच्याच्या बरणीत नवं लोणचं कुणी घालत नाही.

"मॅडम, हे अपग्रेड आहे," सेवाकेंद्राच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली. "आत जुनी प्रणाली सापडली, तरच नवी बसते."

"जुनी तुमच्याकडूनच घेतली होती."

"मग मूळ ग्राहकानं परवान्याचा शब्द स्वतः आठवून सांगायचा."

"ज्याचं आठवायचं यंत्रच बंद पडलंय, त्यानं?"

"नियम आहे. तुम्ही सुचवलात तर परवाना कायमचा रद्द. मग आतल्या आठवणीही गेल्या."

शब्द शैलाला ठाऊक होता. यंत्र बसवताना अण्णांनी तिचंच, आपल्या लेकीचं, नाव दिलं होतं. हे काही मी विसरायचो नाही, म्हणाले होते.

काउंटरवरच्या मुलीनं माइक अण्णांपुढे सरकवला. लाल दिवा लागला. अण्णांनी माइककडे पाहिलं, मग शेजारी ओठ घट्ट मिटून बसलेल्या बाईकडे.

"ताई, तुम्ही कुणावर रागावलात का?" त्यांनी अदबीनं विचारलं. "नाव काय आपलं?"

दिवा चालूच होता. शैलानं उत्तर दिलं नाही.