चौथा टाका

गाडीखाली उताण्या पडलेल्या वेल्डरला डोक्यावरची पावलं ओळखू येत होती. जड पावलं साडूची. चपळ, मध्येच थबकणारी त्याच्या स्वतःच्या बायकोची. ती थबकली की काहीतरी उघडून बघत असणार, घडीचा ओटा नाहीतर भिंतीतून निघणारा पलंग. मग ती हसायची.

गाडी वीस वर्षांची, पण चाकांवरचं अख्खं घर. साडू निवृत्त झाला, गाडी घेतली, आणि आता तो आणि त्याची बायको, म्हणजे वेल्डरची थोरली मेव्हणी, वर्षभर भटकणार होते. फक्त पोटाखालच्या पाण्याच्या टाकीचे चारही आधार गंजले होते. नखाने खरवडलं तरी पापुद्रे निघत. घरचाच वेल्डर असताना बाहेर कशाला जायचं, म्हणून सकाळीच गाडी त्याच्या दारात येऊन उभी राहिली.

टाकी उतरवून त्याने तीन आधार नवे केले आणि चासीला असे वेल्ड केले की कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. चौथ्याला हात घातला तेव्हा वरून साडूचा आवाज आला. मागचा पलंग तुमच्यासाठी राखून ठेवतो, तो वेल्डरच्या बायकोला सांगत होता, आणि नवऱ्याला सुट्टी नसेल तर त्याला ठेवा इथंच. ती खळखळून हसली. घरात ती अशी शेवटची कधी हसली, ते वेल्डरला आठवेना. अठरा वर्षांत ‘पुढच्या वर्षी नक्की’ यापलीकडे त्याने तिला कुठे नेलं नव्हतं.

त्याच्या पोटात दुखायला लागलं. कशाने दुखतंय तेही त्याला पक्कं ठाऊक होतं. चौथ्या आधाराला त्याने पूर्ण वेल्ड न करता नुसते दोन टाके मारले. उभ्या गाडीत धरतील. शे-दोनशे किलोमीटर खड्ड्यांतून गेले की सुटतील, टाकी लोंबेल आणि साडू भर रस्त्यात हात चोळत उभा राहील. जुनी चासी, त्याला कोण काय करणार, असं म्हणायला वेल्डर मोकळा. टाके दिसू नयेत म्हणून त्याने वरून काळा रंग फिरवला आणि टाकी चढवली.

आता पाणी भरून बघायचं राहिलं. ज्याच्याकडे तो काम शिकला, तो म्हातारा म्हणायचा, टाका ज्याचा, छाती त्याची. टाकी भरेपर्यंत वेल्डरने तिच्याखाली निजायचं. ही पद्धत वेल्डरने कधी मोडली नव्हती. आजही तो निजला, पण पक्क्या आधारांच्या बाजूला, अंग चोरून. तो पाणी सोडा म्हणणार तोच बायको केस बांधत खाली सरपटत आली.

"सरका जरा," ती म्हणाली. "इतकी वर्षं नुसतं ऐकतेय, आज बघू दे."

कपडे खराब होतील, तो म्हणाला. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून पडली. मग हळूच सांगू लागली, की भाऊजी एकदा दुसऱ्या कुणाकडून तपासून घेऊ म्हणत होते.

"मी हसलेच. म्हटलं, भाऊजी, तुमची गाडी मोडेल, पण यांचा टाका सुटायचा नाही."

ती कौतुकाने वर बघत बोटाने आधार मोजू लागली. वेल्ड आधी उघडं ठेवायचं, पाणी भरून डोळ्यांनी बघायचं, मगच रंग द्यायचा. रंग सगळं झाकतो. हे त्याच्याच तोंडून तिला पाठ झालं होतं. एक, दोन, तीन चकचकत होते. चौथा काळा होता. तिने बोट लावलं. रंग ओला होता.

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो टाकीकडे बघत राहिला.

पाठीवरच सरकत ती नेमकी चौथ्याखाली गेली आणि पोटावर हात ठेवून नळाशी उभ्या बहिणीला हाक मारली, "ताई, सोड गं पाणी."

नळीत पाणी खळखळलं. टाकी जराशी करकरली.

"थांबवा," तो म्हणाला.

पाणी थांबलं. साडूचं डोकं उलटं होऊन गाडीखाली डोकावलं. "काय झालं, साडूभाऊ? काही चुकलं का?"

बायकोने काळं बोट त्याच्या सदऱ्याला, बरोब्बर छातीवर, पुसलं.

"काही नाही, भाऊजी," ती म्हणाली. "रंग जरा आधी लागला."