थकलेल्या आयांसाठी व्याख्यान

विशेष मुलांच्या शाळेतून बाईंचा फोन आला. “रविवारी खास आयांसाठी व्याख्यान ठेवलंय, ‘थोडा वेळ स्वतःसाठी’. नक्की या.”

“लेकाला घेऊन येते. एकटा असला की गॅस चालू करतो.”

“मुलांना नका आणू, व्यत्यय येतो. घरच्यांकडे मदत मागायला शिका, ताई. व्याख्याते तेच तर सांगणार आहेत.”

“घरात आम्ही दोघंच. तिसरा देव, तो काही गॅस बंद करायला उठत नाही. तुमच्याकडेच मागते. हॉलबाहेर त्याला तासभर कुणी सांभाळेल?”

“बघते हं,” म्हणून बाईंनी फोन ठेवला.


सोमवारी शाळेच्या ग्रुपवर रिकाम्या खुर्च्यांचा फोटो आला आणि खाली बाईंनी लिहिलं होतं, “आयांनाच स्वतःची पर्वा नसेल, तर आम्ही कुणासाठी राबायचं?”