नवा वस्ताद

भिमानं डावी मूठ आवळली खरी, पण तिच्यातून मानसिंगचा अंगठा सहज निसटला.

"पुन्हा धर."

भिमानं दात खाऊन पुन्हा धरला. अंगठा पुन्हा सुटला. उजवी मूठ मात्र अशी, की हाड करकरलं.

"मुंग्या कवापास्नं येत्यात?"

"येत्यात-जात्यात. मान जरा अवघडलीया. मातीत उतरलो की सुटंल."

कामथडीच्या जत्रेचा फड माणसांनी भरत आला होता. मामलेदारसाहेब खुर्चीवर येऊन बसले होते आणि शेवटच्या कुस्तीचं चांदीचं कडं त्यांच्यापुढे ताटात चमकत होतं. भोरच्या तालमीचा भिमा आणि वाईकडचा एक दांडगा पैलवान, ही जोड बघायला पार हिर्डोशीपासून माणसं चालत आली होती. मानसिंगची तालमीचा वस्ताद म्हणून ही पहिलीच जत्रा. म्हाताऱ्या कोंडिबा वस्तादांनी आपला फेटा त्याच्या डोक्याला बांधून तालीम त्याच्या हवाली केली, त्याला फार दिवस झाले नव्हते.

कोंडिबा बाभळीखाली घोंगडी टाकून बसले होते. मानसिंग त्यांच्यापुढे उकिडवा बसला.

"वस्ताद, भिमाच्या डाव्या हातात जोर न्हाई. मानेतनं आलंय ते. काय करावं?"

"मला इचारतोस?"

"मग कुणाला इचारू?"

कोंडिबांची नजर फडावरून हलली नाही. "आज म्या सांगीन. उद्या म्या नसंन तवा? डाव समदं शिकवलं तुला. हे न्हाई शिकवता येत. तुझं तू ठरीव. आन् ठरीवल्यावर माझ्याकडं बघू नगस."

मानसिंग उठला. तो सरळ पंचांजवळ गेला. "आमचा गडी आज उतरणार न्हाई," एवढंच तो बोलला. ते ऐकून पुढच्या रांगेतून शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी ढेकूळ भिरकावलं.

भिमा लंगोट कसून तयारच होता. "दादा, भ्यालासा व्हय?"

"व्हय, भ्यालो. त्यो वाईचा गडी मानंवरच हात टाकतो. आजची माती तुझी न्हाई."

"म्या कोंडिबा वस्तादांचा गडी हाय." भिमा बाभळीकडे वळून ओरडला, "वस्ताद, तुमी सांगा!"

"तुझा वस्ताद तुझ्यापुढं उभा हाय," कोंडिबा बसल्या जागेवरून म्हणाले.

भिमाचा चेहरा रागानं काळवंडला. तो सरळ फडाच्या पलीकडच्या अंगाला गेला. तिथं शिवऱ्याच्या तालमीचे चिमाजी वस्ताद बसले होते. भिमावर त्यांचा डोळा आजचा नव्हता. त्यांनी वाकून मूठभर माती उचलली आणि आपला गडी म्हणून भिमाच्या कपाळाला लावली. लोक एकदम उठून उभे राहिले. त्या आरडाओरड्यापुढे पंचांनी फार विचार केला नाही. गडी कुठल्याही तालमीच्या नावानं उतरो, कुस्ती झाली म्हणजे झालं.

मानसिंग धावत तिकडे गेला. "चिमाजीराव, त्याची डावी मूठ बघा येकदा. मग सोडा."

चिमाजी हसले. "गडी हातातनं गेला, तवा मूठ ढिली वाटाय लागली व्हय?"

हलगी घुमू लागली. मानसिंग बाभळीखाली परत आला. "चला वस्ताद. आपलं काम झालं."

कोंडिबांनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या पकडीत अजून दम होता. "कुठं निघालास?"

"त्यो आता आपला गडी न्हाई."

"म्हून त्याची मान चिमाजीची झाली व्हय?" कोंडिबांनी आवाज खाली आणला. "देवळामागं ठकुबाईचं घर हाय. तिला सांग आन् दाराची फळी काढून आण."

"दाराची?"

"मान गेलेला माणूस खांद्यावर घालून न्ह्यायचा नसतो. सरळ फळीवर घ्यायचा. हितं कुणाला ठावं न्हाई. मला बी ते येका माणसाचा जीव गेला तवाच कळलं."

मानसिंग धावला. ठकुबाई उंबऱ्यात तांदूळ पाखडत होती. त्यानं दाराची फळी मागितली.

"कुणाला लागलं रं?"

"आजून कुणाला न्हाई."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग सूप बाजूला ठेवून उठली आणि चौकटीतून फळी उचलायला तिनंही हात लावला.

फळी डोक्यावर घेऊन तो गर्दीत शिरला तेव्हा लोक हसले. "मामलेदारांना बसायला आणली जणू!" असंही कुणी म्हणालं. मानसिंगनं ती मातीच्या कडेला टेकवून उभी धरली. फडाच्या मधोमध उभ्या भिमाला ती दिसली. क्षणभर त्याचा शड्डू ठोकायला उचललेला हात तसाच राहिला. मग त्यानं मान फिरवली आणि शड्डू ठोकला.

वाईकडच्या पैलवानानं सुरुवातीच्या खडाखडीतच त्याच्या मानेवर पंजा टाकला.

आपण खोटे पडावं, सगळ्या फडानं आपल्याला हसावं, असं मानसिंगला मनापासून वाटलं. त्यानं मनातल्या मनात तसं देवाला सांगितलंसुद्धा. फळीची कड त्याच्या तळव्यात रुतत होती. लोक बेभान ओरडत होते, भिमाचं नाव घेत होते.

मग ओरडणं थांबलं. पाठोपाठ हलगीही थांबली.

कोंडिबा उठून त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले होते.

"तू डोक्याकडं धर," ते म्हणाले.