विहिणींचा ताप

मोहने ३९.
डोंबिवली १००.

मोहन्याहून ऐश्वर्याच्या मम्मीचा फोन आला, तिच्या नव्या थर्मामीटरवर ताप एकोणचाळीस दाखवत होता. ऐश्वर्या बॅग भरायला लागली, तशा सासूबाई पांघरुणातूनच कडाडल्या, "अगं, मला इथे शंभर आहे आणि तू त्या एकोणचाळीसवालीकडे निघालीस?"

"आई, तो सेल्सिअसमध्ये आहे. आपल्यासारखा फॅरनहाइटमध्ये केला की एकशे दोन होतो."

"असा बसल्या जागी कसा वाढतो गं?"

"गुणिले नऊ, भागिले पाच, अधिक बत्तीस." ऐश्वर्याने मोबाईलवर हिशोब करून दाखवला.

सासूबाईंचा चेहरा पडला. लग्नातल्या मानपानापासून आजवर त्या विहीणबाईंपुढे कशातच मागे पडल्या नव्हत्या.

"मग माझ्या शंभरालाही तेच कर. सगळे लाड माहेरचेच का?"

समजावत बसले तर शेवटची बस चुकेल, म्हणून ऐश्वर्याने मुकाट्याने तेही केलं. दोनशे बारा आले.

 

सासूबाईंनी समाधानाने पांघरूण ओढून घेतलं. "जा आता, नीट काळजी घे तिची. आणि माझा आकडा तेवढा सांग."