त्रिनिदादचं यंत्र

त्रिनिदादचे पहिले पंतप्रधान मोठे इतिहासकार होते, पण कानांनी अधू. विरोधक बोलायला उठले की म्हणे कानातलं यंत्र बंद करायचे. शाळेच्या कार्यक्रमात सरांनी हे सांगितलं, तेव्हा सरपंच वाल्मीकनाना पहिल्या खुर्चीत होते. इतिहास त्यांनी तिथंच सोडला, यंत्र तेवढं उचललं.

कान ठणठणीत असून नाना धुळ्याहून यंत्र घेऊन आले. ग्रामसभेत रुक्माबाई खालच्या गल्लीच्या नळाचं बोलायला उठली, की नाना कानामागचं बटण दाबायचे आणि हसतमुखाने मान डोलवत बसायचे. राज्य करणं इतकं सोपं असतं, हे त्यांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

मग निवडणूक आली. नाना खालच्या गल्लीत तासभर बोलले, भरात नळसुद्धा देऊन बसले. एवढी गुणी सभा त्यांनी कधी पाहिली नव्हती. बाया-माणसं हसतमुखाने मान डोलवत होती.

"मग अक्का, मत आपल्यालाच ना?"

रुक्माबाईने कानातला कापसाचा बोळा काढला.

"व्हई गयं का, नाना? यंदाना कापूस सारी गल्लीले पुरी गया."