शीळ तुटली तिथून

"तोंडात शीळ असली की घास जात नाही, म्हणून हा नियम," गाईड बाई म्हणाली आणि क्लोव्हिस जागीच थबकला.

ती शाळेच्या मुलांना गुलामांच्या काळातल्या जुन्या मळ्यावरचं स्वयंपाकघर दाखवत होती. आगीच्या भीतीने ते मोठ्या घरापासून लांब बांधलेलं. मधे ही विटांची वाट. गुलाम माणसं इथून मालकाच्या जेवणाची ताटं घेऊन जायची ती अख्खी वाट शीळ घालत, आणि मालक व्हरांड्यात खुर्ची टाकून ऐकत बसायचा. एका मुलाने विचारलं, शीळ थांबली तर? बाईची नजर दाराशेजारच्या खुंटीकडे गेली. खुंटीला चामड्याचा पट्टा होता.

"ते आज नको," ती म्हणाली.

क्लोव्हिस साठीचा, उसाच्या कारखान्यातला फिटर, हाडापेराने दणकट. इथून चार मैलांवर त्याचा जन्म गेला, पण या फाटकातून तो कधी आत आला नव्हता. नातीच्या वर्गाला सोबतीला मोठं माणूस हवं होतं म्हणून आज आला, आणि आल्यापासून तो सारखा मागे फाटकाकडे बघत होता. कशाला भ्यायचं, चांगलं तिकीट काढून आलोय, असं त्याने स्वतःला दोनदा बजावलं.

आता मात्र ते बजावणंही चालेना. कारण त्याच्या घरात खायचं काही घेऊन जो चालतो तो शीळ घालतो. भांडं हातात आणि शीळ नाही, तर आई पाठीत धपाटा घालायची. का, ते तिला ठाऊक नव्हतं, तिच्या आईलाही नव्हतं. कारखान्यात तो डबा घेऊन निघाला की सगळे चिडवायचे, आला बघा आमचा बुलबुल. घराण्याची लकब म्हणून त्याला तिचं कौतुकच होतं. नातीलाही त्यानेच शिकवली होती.

"मी नेते," रेनेल म्हणाली. ही त्याची नात, नऊ वर्षांची.

बाई विचारत होती, तबक कोण नेणार. नको म्हणायला क्लोव्हिसने तोंड उघडलं, पण तोवर उशीर झाला होता. बाईने पोरीच्या हातात मक्याच्या गरम पावाचं तबक दिलं, वर रुमाल घातला. मालक म्हणून एका गोऱ्या पाहुण्याला व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवलं. म्हातारा गमत्या होता. त्याने काठी मांडीवर आडवी घेतली आणि कानामागे हात धरला. सगळे हसले.

रेनेल निघाली. क्लोव्हिसच्या आईचीच चाल, तीन सूर वर आणि एक खाली. तो मागोमाग चालला. मॅग्नोलियाच्या झाडाआड वाट वळते, तिथे शीळ तुटली. रुमाल वर उचललेला आणि पोरीचा गाल फुगलेला. सकाळी घाईत न खाताच निघालेली, भूक लागली होती बिचारीला.

वर व्हरांड्यात काठी फळीवर आपटली.

"काय गं, गप्प का झालीस?" म्हातारा म्हणाला. गमतीतच म्हणाला. ते क्लोव्हिसला कळत होतं.

तरी त्याने शीळ घातली. कोरड्या ओठांनी, नातीच्या पट्टीत, तिची तुटली होती तिथून. म्हातारा मान डोलावत मागे रेलला.

दोघं व्हरांड्यात पोचली. टाळ्या झाल्या, तबक टेबलावर गेलं, बाई मुलांना घेऊन पुढच्या खोलीकडे वळली. क्लोव्हिस शीळ वाजवतच होता. रेनेलने त्याची बाही ओढली.

"आजोबा, संपला खेळ. थांबा ना आता, सगळे बघतायत."

तिच्या हनुवटीला पिवळा चुरा चिकटला होता. त्याने म्हाताऱ्याकडे पाठ केली, तिला आपल्या अंगाआड घेतलं आणि एका श्वासापुरती शीळ सोडली.

"आधी तोंड पूस," तो कुजबुजला आणि पुन्हा वाजवू लागला.