राखणीचा कुत्रा

शौचाला रक्त पडू लागल्यापासून सासूने माझी थाळी दाराबाहेर काढली, माझे बोंबीलही बांबूच्या वेगळ्या वलांडीवर वाळत घातले. डहाणू रोडच्या डॉक्टरांनी सांगितलं, "हा आजार कुणाला लागत नाही. जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच चवताळून तुमचं आतडं कुरतडतायत." राखणीच्या कुत्र्यानेच मासळीत तोंड घालावं तसं झालं. स्वतःच्याच पोटाची किळस आली. घरी येऊन सासूला शब्दन् शब्द सांगितला. "डॉक्टरला काय जातंय गो बोलायला? घाण ती घाणच," म्हणत तिने नाकाला पदर लावला आणि माझी थाळी काठीने पुढे ढकलली. वलांडीखालचा आमचा कुत्रा ती हुंगायला आला, तशी सासू ओरडली, "हाड! तिच्या थाळीतलं खाऊन मरशील!" कुत्र्याची काळजी! मी थाळी त्याच्यापुढे सरकवली, आत गेले आणि सगळ्यांच्या भाताच्या टोपात मनगटापर्यंत हात खुपसून जेवायला बसले.